कुकीज सरसकट पुसू नका: कोणत्या ठेवायच्या, कोणत्या हाकलायच्या

‘महिन्यातून एकदा सगळ्या कुकीज डिलीट करा, मग तुमच्यावर कोणी नजर ठेवू शकणार नाही’ असा एक सल्ला फॅमिली ग्रुपवर अधूनमधून येऊन पडतो. तो मनापासून पाळणाऱ्याच्या पदरात काय पडतं? सगळीकडून लॉगआउट, न आठवणारे पासवर्ड, ओटीपीची वाट बघणं. आणि दुसऱ्या दिवशी बातम्यांची पहिली साईट उघडली की हाकललेली मंडळी पुन्हा हजर. कष्ट खूप आणि उपयोग थोडा.

त्यापेक्षा एकदा अर्धा-पाऊण तास बसून चार-पाच सेटिंग नीट करून टाका आणि कुकी ओळखायला शिका. पुढे महिनोन्महिने तिकडे बघायची गरज पडत नाही. कॉम्प्युटर असेल तर आधी त्यावर करा, कारण तिथे आत डोकावून बघता येतं.

मुळात ही भानगड काय आहे

वेब ज्या एचटीटीपी नियमांवर चालतं, त्यांना स्मरणशक्तीच नाही. तुम्ही पान मागितलं, सर्व्हरने दिलं, विषय संपला. पुढच्या सेकंदाला दुसरं पान मागणारे तुम्हीच की आणखी कोणी, हे सर्व्हरला कळायला मार्ग नसतो. १९९४ मध्ये ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या तरुण अभियंत्याने यावर तोडगा काढला. नेटस्केपच्या एका ग्राहक कंपनीला ऑनलाइन दुकान काढायचं होतं, पण कोणी अर्धवट खरेदी करून ठेवलेली यादी आपल्या सर्व्हरवर सांभाळत बसायची तिची तयारी नव्हती. मग माँटुलीने ठरवलं की सर्व्हरने ब्राउझरला एक छोटी नोंद द्यायची, ब्राउझरने ती जपायची आणि त्याच सर्व्हरकडे पुन्हा जाताना न चुकता दाखवायची. ही नोंद म्हणजेच कुकी.

देवळाबाहेर चपलांच्या स्टँडवर मिळतो तो बिल्ला आठवा. चपला स्टँडवाल्याकडे, बिल्ला तुमच्या खिशात. बहुतेक कुकीज अशाच असतात. त्यात तुमचं नाव-गाव नसतं, फक्त एक लांबलचक क्रमांक असतो. खरी माहिती सर्व्हरच्या वहीत. एका कुकीत जेमतेम चार किलोबाइट मजकूर मावतो. ती व्हायरस नाही आणि तुमच्या फोटोंच्या फोल्डरमध्ये शिरत नाही.

मग गोची कुठे झाली? आजचं वेबपान एकाच ठिकाणाहून येत नाही. बातमी वर्तमानपत्राच्या सर्व्हरवरून येते, जाहिरात दुसरीकडून, व्हिडिओ तिसरीकडून, वाचकसंख्या मोजणारं यंत्र चौथीकडून. हे प्रत्येक ठिकाण आपापली कुकी ठेवू शकतं. यांनाच थर्ड-पार्टी कुकीज म्हणतात. एकाच जाहिरात कंपनीचा तुकडा बातम्यांच्या साईटवर आहे, पाककृतींच्या साईटवर आहे, वधू-वर सूचक साईटवर आहे आणि मूळव्याधीच्या औषधाची माहिती देणाऱ्या पानावरही आहे, असं समजा. चारही ठिकाणी तिला तोच क्रमांक दिसतो. तुमचं नाव तिला ठाऊक नसलं तरी ‘क्रमांक अमुक’ला काय खायला आवडतं, लग्न ठरवायचंय का आणि दुखतंय कुठे, हे सगळं समजतं.

हा धोका आधी कोणाला दिसला नव्हता, असं नाही. १९९७ मध्ये कुकीजचं पहिलं अधिकृत मानक, आरएफसी २१०९, प्रसिद्ध झालं. त्यातच लिहिलं होतं की ब्राउझरने थर्ड-पार्टी कुकीजना परवानगी देऊ नये, निदान मूळ सेटिंगमध्ये तरी त्या बंद असाव्यात. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट, दोघांनीही ते मनावर घेतलं नाही. घेतलं असतं तर या लेखातलं निम्मं काम वाचलं असतं.

पायरी पहिली: स्वतःच्या डोळ्यांनी बघा

सेटिंगला हात लावण्याआधी हे करा. कॉम्प्युटरवर क्रोममध्ये तुम्ही रोज वाचता ती बातम्यांची साईट उघडा आणि एफ१२ बटण दाबा. काही लॅपटॉपवर एफएन धरून एफ१२ दाबावं लागतं. बाजूला किंवा खाली डेव्हलपर टूल्सची खिडकी उघडेल. घाबरू नका, नुसतं बघितल्याने काही बिघडत नाही. वरच्या पट्टीत ‘ॲप्लिकेशन’ शोधा. दिसत नसेल तर दोन बाणांच्या खुणेमागे दडलेलं असेल. डावीकडे ‘स्टोरेज’खाली ‘कुकीज’ आणि त्याखाली साईटचं नाव. त्यावर क्लिक केलं की तक्ता येतो. फायरफॉक्समध्ये हेच काम ‘स्टोरेज’ टॅबमध्ये होतं.

तक्त्यातल्या तीन रकान्यांकडे नीट बघा.

‘डोमेन’: कुकी कोणाची आहे ते इथे कळतं. साईटचंच नाव असेल तर घरची, वेगळं असेल तर बाहेरची. डबलक्लिक डॉट नेट हे नाव दिसण्याची शक्यता दाट आहे. ते गुगलच्या जाहिरात विभागाचं, आणि तिथली ‘आयडीई’ नावाची कुकी जाहिराती तुमच्या मागे लावण्यासाठी असते.

‘एक्स्पायर्स’: कुकीची मुदत. इथे ‘सेशन’ लिहिलं असेल तर ब्राउझर बंद केल्यावर ती जायला हवी. ‘हवी’ म्हणतोय, कारण क्रोममध्ये ‘मागच्या वेळी जिथे थांबलात तिथून सुरू करा’ हा पर्याय चालू असेल तर सेशन कुकीजही टॅबबरोबर परत येतात. तारीख असेल तर तोवर मुक्काम. क्रोमने २०२२ पासून कोणत्याही कुकीला जास्तीत जास्त ४०० दिवसांची मर्यादा घातली आहे. त्याआधी दहा-वीस वर्षांची मुदत लावणारे महाभाग होते.

‘एचटीटीपी-ओन्ली’: इथे बरोबरची खूण असेल तर पानावरच्या स्क्रिप्टला, म्हणजे पानात चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, ती कुकी वाचता येत नाही. लॉगिनच्या कुकीला ही खूण असणं चांगल्या साईटचं लक्षण. बँकेच्या साईटवर एकदा सहज बघून ठेवा.

आता नावं. पीएचपी-सेस-आयडी किंवा जे-सेशन-आयडी अशी नावं दिसली तर ती लॉगिनची किंवा चालू कामाची कुकी समजा. ती हवीच, तिच्याशिवाय फॉर्मचं दुसरं पानसुद्धा उघडणार नाही. सरकारी पोर्टलवर अर्ज भरताना मध्येच चहाला गेलात आणि ‘सेशन एक्स्पायर्ड’ आलं, तर याच कुकीमागची सर्व्हरवरची नोंद संपलेली असते.

तक्त्यात अंडरस्कोर आणि मग ‘जीए’ अशा नावाची एक कुकी जवळपास नक्की असेल. ती गुगल ॲनालिटिक्सची. तिच्यातला मजकूर साधारण असा दिसतो:

जीए१.१.१२३४५६७८९.१७००००००००

पहिला भाग आवृत्ती वगैरे. मधला आकडा तुम्हाला दिलेला यादृच्छिक क्रमांक. शेवटचा दहा अंकी आकडा मात्र फार बोलका आहे: या ब्राउझरवरून तुम्ही त्या साईटवर पहिल्यांदा आलात तो क्षण, १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या सेकंदांत. गुगल शीट्समध्ये त्या आकड्याला ८६,४०० ने भागा, त्यात १ जानेवारी १९७० ही तारीख मिळवा, भारतीय वेळेसाठी साडेपाच तास वाढवा आणि रकान्याला तारीख-वेळेचा फॉरमॅट द्या. वरच्या नमुन्याचं उत्तर येतं १५ नोव्हेंबर २०२३, पहाटे ३ वाजून ४३ मिनिटं. स्वतःच्या कुकीचं गणित करून बघा. एखाद्या शॉपिंग साईटवर आपण पहिल्यांदा कधी आणि किती वाजता गेलो होतो हे सेकंदासकट समोर आलं, की ‘कुकी’ या शब्दाकडे बघायची नजरच बदलते.

‘जीए’ कुकी तांत्रिकदृष्ट्या घरची, कारण ती साईटच्याच नावाने ठेवली जाते. म्हणजे घरची ती सगळी सज्जन, असंही नाही. फेसबुकची ‘एफबीपी’ कुकीही अशीच यजमानाच्या नावावर राहणारी पाहुणी, मुक्काम ९० दिवस. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पायरी दुसरी: बाहेरच्यांना दार बंद

सगळ्यात जास्त फायदा देणारं सेटिंग हेच, म्हणून यात कंटाळा करू नका.

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘थर्ड-पार्टी कुकीज’, तिथे ‘ब्लॉक’ निवडा. अँड्रॉइड फोनवर वाट हीच, वरच्या तीन ठिपक्यांतून. आवृत्तीप्रमाणे शब्द थोडे मागे-पुढे होतात, पण ‘थर्ड-पार्टी’ हा शब्द शोधलात की सापडेल.

क्रोममध्ये हे आपल्यालाच करावं लागतं, याला एक इतिहास आहे. ॲपलच्या सफारीने मार्च २०२० पासून थर्ड-पार्टी कुकीज पूर्ण बंद केल्या. फायरफॉक्सने २०१९ मध्ये ओळखीचे ट्रॅकर अडवायला सुरुवात केली आणि २०२२ पासून प्रत्येक साईटच्या कुकीज वेगवेगळ्या डब्यात ठेवल्या, म्हणजे या साईटवरचा क्रमांक त्या साईटवर दिसतच नाही. गुगलने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलं की दोन वर्षांत आम्हीही थर्ड-पार्टी कुकीज काढून टाकू. मग मुदत वाढली, पुन्हा वाढली, २०२४ च्या जानेवारीत एक टक्का वापरकर्त्यांवर प्रयोग झाला, आणि त्याच वर्षी जुलैत बेत गुंडाळला. २०२५ च्या एप्रिलमध्ये, वापरकर्त्याला ठळकपणे विचारणारी वेगळी खिडकीही दाखवणार नाही, असं सांगून झालं. जाहिराती हाच ज्याचा मुख्य धंदा, त्याच्या ब्राउझरकडून यापेक्षा वेगळी अपेक्षा मला तरी नव्हती. क्रोमला पर्याय आहे, फक्त तो आपण निवडायचा.

ब्लॉक केल्यावर काय मोडतं? फारसं नाही. क्वचित एखादं ‘गुगलने लॉगिन करा’ बटण, कॉलेजच्या पोर्टलमध्ये बसवलेली परीक्षेची खिडकी किंवा पेमेंटची चौकट अडते. अशा वेळी कॉम्प्युटरवर ॲड्रेस बारमध्ये उमटणाऱ्या डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करून फक्त त्या साईटपुरती सूट द्या. एका साईटसाठी सगळं धरण उघडू नका.

फायरफॉक्स वापरत असाल तर ‘एन्हान्स्ड ट्रॅकिंग प्रोटेक्शन’मध्ये ‘स्ट्रिक्ट’ निवडा. एजमध्ये ‘ट्रॅकिंग प्रिव्हेन्शन’ असतं आणि ते ‘बॅलन्स्ड’वर असतं, ‘स्ट्रिक्ट’ करून बघा, अडलं तर मागे या. आयफोनवाल्यांनी सफारीच्या सेटिंगमधलं ‘प्रिव्हेंट क्रॉस-साइट ट्रॅकिंग’ चालू आहे एवढी खात्री करायची.

पायरी तिसरी: एकदाच झाडलोट, तीही निवडून

दार बंद करण्याआधी जे आत शिरले ते अजून आतच आहेत. आता एकदा सफाई करायला हरकत नाही. पण ‘ऑल टाइम’ निवडून सगळंच उडवण्याआधी पासवर्ड कुठे जपलेत ते बघा. ‘डिलीट ब्राउझिंग डेटा’च्या खिडकीत जतन केलेले पासवर्ड हा वेगळा पर्याय असतो, त्यावर चुकूनही खूण करू नका.

मला स्वतःला कॉम्प्युटरवरच्या क्रोममधली दुसरी सोय जास्त आवडते. साईट सेटिंग्जमध्ये ‘ऑन-डिव्हाइस साईट डेटा’ नावाचा विभाग आहे. तिथे सगळ्या खिडक्या बंद केल्या की साईट्सनी साठवलेला डेटा आपोआप पुसायचा पर्याय मिळतो, आणि त्याखालीच अपवादांची यादी करता येते. ईमेल, रोजचं वर्तमानपत्र, ऑफिसचं पोर्टल अशी पाच-सात नावं त्या यादीत घाला. बाकी सगळे रोज रात्री आपोआप घरी जातात. फायरफॉक्समध्येही ब्राउझर बंद करताना कुकीज पुसायची हीच सोय अपवादांसकट आहे. वर म्हटलेल्या ‘जीए’ आणि ‘एफबीपी’सारख्या यजमानाच्या नावावर राहणाऱ्या पाहुण्यांवर हाच उपाय चालतो, कारण थर्ड-पार्टी बंदीत त्या सापडत नाहीत.

एकाच साईटचं झाडायचं असेल तर ॲड्रेस बारच्या डाव्या टोकाच्या चिन्हावर क्लिक करा, ‘कुकीज अँड साईट डेटा’मध्ये जा आणि कचरापेटी दाबा. साईट विचित्र वागतेय, लॉगिन गोल गोल फिरतंय, यावर हा पहिला उपाय. कस्टमर केअरवाले ‘कॅश क्लिअर करून बघा’ म्हणतात तेव्हा बरेचदा हेच अपेक्षित असतं.

इन्कॉग्निटो, म्हणजे क्रोमच्या खासगी खिडकीबद्दल गैरसमज फार आहेत. ती खिडकी बंद केली की त्या बैठकीतल्या कुकीज जातात, एवढंच. चालू असताना साईटला तुम्ही दिसताच, इंटरनेट पुरवणाऱ्यालाही दिसता. या गैरसमजावरून गुगलवर २०२० मध्ये अमेरिकेत दावा झाला आणि २०२४ च्या तडजोडीत गुगलने अब्जावधी नोंदी पुसायचं मान्य केलं. इन्कॉग्निटो उघडल्यावर दिसणारी सूचनाही या दाव्यानंतर बदलली. ती एकदा वाचाच.

पायरी चौथी: ‘ॲक्सेप्ट ऑल’च्या पाटीचं काय करायचं

जर्मनीत राहणारी बहीण आणि पुण्यातला भाऊ एकच साईट उघडतात, तेव्हा दोघांना वेगळी पाटी दिसू शकते. तिला ‘स्वीकारा’ आणि ‘नाकारा’ अशी दोन बटणं, याला फक्त ‘पुढे गेलात म्हणजे तुम्हाला मान्य आहे’. फरक कायद्याचा आहे. युरोपात २००९ च्या दुरुस्तीनंतर कुकी ठेवण्याआधी संमती घ्यावी लागते, मे २०१८ मध्ये जीडीपीआर हा व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू झाल्यावर त्या संमतीचा दर्जा कडक झाला, आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी प्लॅनेट४९ खटल्यात युरोपीय न्यायालयाने ठरवलं की आधीच टिक करून ठेवलेली चौकट ही संमती नव्हे. ‘नाकारा’ बटण ठळक झालं ते फ्रान्सच्या नियामकामुळे. स्वीकारायला एक क्लिक आणि नाकारायला अनेक, या कारणासाठी त्यांनी जानेवारी २०२२ मध्ये गुगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला.

‘नाकारा’ दिसलं तर निःसंकोच दाबा. लॉगिन, टोपली यांसाठी लागणाऱ्या आवश्यक कुकीज त्यात जात नाहीत, साईट चालतेच. फक्त ‘मॅनेज’ किंवा ‘मोअर ऑप्शन्स’ असेल तर आत जा, पण तिथे एक खोडी असते. पहिल्या यादीत सगळं बंद दिसतं आणि ‘लेजिटिमेट इंटरेस्ट’ (कंपनीचा ‘रास्त हेतू’) नावाच्या शेजारच्या टॅबमध्ये तीच मंडळी चालू करून ठेवलेली असतात. तिथलं ‘ऑब्जेक्ट ऑल’ दाबल्याशिवाय बाहेर पडू नका. आणि ‘पार्टनर्स’ची यादी एकदा उघडून खालपर्यंत सरकवून बघा. एका बातमीसाठी केवढी वरात बोलावली आहे ते कळेल.

पाटीवर नाकारायची सोयच नसेल तर तिच्याशी वाद घालत बसू नका, ‘स्वीकारा’ दाबून पुढे गेलात तरी चालेल. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीतली सेटिंग्ज लावली असतील तर त्या ‘हो’ला फारसा अर्थ उरत नाही. पाटी साईटची असते, पण कुकी ठेवून घ्यायची की नाही हे ब्राउझर ठरवतो.

पायरी पाचवी: कुकीशिवायची नजर

इथून पुढे प्रकरण जरा गंभीर आहे. वरचं सगळं करूनही काही वाटा उघड्या राहतात.

लिंकची शेपटी: फेसबुकवरून उघडलेल्या लिंकच्या शेवटी एफबीसीएलआयडी, गुगल जाहिरातीतून गेल्यास जीसीएलआयडी, इन्स्टाग्रामवरून शेअर केल्यास आयजीएसएच, यूट्यूबवरून शेअर केल्यास एसआय असं काहीतरी चिकटलेलं असतं. कोणत्या क्लिकमधून किंवा कोणाच्या शेअरमधून तुम्ही आलात, ते याच शेपटीत असतं. लिंक पुढे पाठवण्याआधी ती कापा. प्रश्नचिन्हापासून पुढचं सगळं उडवलं तरी बहुतेक लिंक चालतात; यूट्यूबच्या पूर्ण पत्त्यात मात्र प्रश्नचिन्हानंतर ‘व्ही’ बरोबर-चिन्ह असतं, तो व्हिडिओचा क्रमांक आहे, तो ठेवा आणि फक्त एसआयपासून पुढचं काढा. फायरफॉक्समध्ये राइट-क्लिक केलं की शेपटीशिवाय लिंक कॉपी करायची सोय मिळते.

ईमेलमधलं अदृश्य चित्र: एका पिक्सेलचं, डोळ्याला न दिसणारं चित्र मेलमध्ये दडवतात. मेल उघडली की ते चित्र सर्व्हरवरून मागवलं जातं आणि पाठवणाऱ्याला कळतं की तुम्ही मेल उघडली. जीमेल हे चित्र स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणतं, त्यामुळे तुमचा ठावठिकाणा लपतो, पण उघडल्याची खबर जाऊ शकते. कॉम्प्युटरवर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘जनरल’खाली ‘इमेजेस’ आहे. तिथे बाहेरची चित्रं दाखवण्याआधी विचारा, हा पर्याय निवडा.

फिंगरप्रिंटिंग: काहीच न साठवता तुम्हाला ओळखायचं. पडद्याचा आकार, टाइमझोन, भाषा, बसवलेले फाँट, ग्राफिक्स कार्ड एखादं चित्र कसं रंगवतं, असे बारीक तपशील एकत्र केले की पुष्कळदा तुमचं यंत्र हजारांत वेगळं उठून दिसतं. यात पुसायला काहीच नसतं. अमेरिकेतल्या ईएफएफ या संस्थेने २०१० पासून यासाठी चाचणी ठेवली आहे, आता तिचं नाव ‘कव्हर युअर ट्रॅक्स’. तिथे एक बटण दाबून आपण किती वेगळे दिसतो ते बघता येतं. यावर पूर्ण इलाज नाही. सफारी, ब्रेव्ह आणि ‘स्ट्रिक्ट’मधला फायरफॉक्स थोडंफार झाकतात. यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेंशन ट्रॅकरची स्क्रिप्टच उतरू देत नाही, त्यामुळे मोजणाराच आत येत नाही. ते फायरफॉक्सवर पूर्ण ताकदीने चालतं, अँड्रॉइडच्या फायरफॉक्सवरही. क्रोमवर आता त्याची ‘लाइट’ आवृत्ती मिळते.

फोनमधली ॲप्स: जून २०२५ मध्ये स्पेन, नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या संशोधकांनी एक प्रकार उघडकीला आणला. अँड्रॉइड फोनवर ब्राउझरमध्ये एखादी साईट उघडली, तिथे मेटा या फेसबुकच्या मालक कंपनीची ‘पिक्सेल’ नावाची माग काढणारी स्क्रिप्ट असली, की ती त्याच फोनमधल्या फेसबुक किंवा इन्स्टाग्राम ॲपशी फोनच्या आतल्याआत बोलायची आणि ‘एफबीपी’ कुकीचा क्रमांक त्याला पोचवायची. ॲपमध्ये तुम्ही स्वतःच्या नावाने लॉगिन केलेलं. म्हणजे बिननावाचा क्रमांक आणि खरं नाव यांची गाठ बसली. इन्कॉग्निटो असो, कुकीज पुसलेल्या असोत, उपयोग शून्य. यांडेक्स ही रशियन कंपनीही असंच करत होती. बातमी फुटल्यावर मेटाने ते थांबवलं आणि ब्राउझर कंपन्यांनी दुरुस्त्या केल्या. कुकीज पुसून निर्धास्त होणाऱ्याने ही गोष्ट दोनदा वाचावी.

म्हणून फोनवर तीन कामं करा. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲड्स’ शोधा आणि ‘डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी’ दाबा. आयफोनवर ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त ‘ट्रॅकिंग’मध्ये जाऊन ॲप्सना परवानगी विचारायचीच बंदी घाला. दुसरं, फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या लिंक ॲपच्या आतल्या ब्राउझरमध्ये वाचू नका, तीन ठिपके दाबून बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडा. तिसरं, ज्याचं काम ब्राउझरमध्ये भागतं त्याचं ॲप ठेवूच नका. दुकानदार ‘ॲपवर जादा सूट’ देतो ती उगाच नाही.

पायरी सहावी: बिल्ला चोरीला गेला तर

जाहिराती मागे लागणं हा वैताग. लॉगिनची कुकी चोरीला जाणं हे मात्र खरं नुकसान. ज्याच्या हातात बिल्ला, त्याच्या चपला. ती कुकी दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये गेली तर त्याला पासवर्ड लागत नाही, ओटीपीही लागत नाही, कारण साईटच्या लेखी लॉगिन कधीच झालेलं आहे.

युट्यूब चॅनल चालवणाऱ्यांना याचा मोठा फटका बसतो. गुगलच्या सुरक्षा पथकाने ऑक्टोबर २०२१ मध्ये ही पद्धत सविस्तर मांडली होती: ‘तुमच्या चॅनलवर आमच्या सॉफ्टवेअरची जाहिरात कराल का’ अशी मेल येते, चाचणीसाठी फाइल उतरवायला सांगतात, ती चालवली की ब्राउझरमधल्या कुकीज उचलल्या जातात आणि काही वेळात चॅनल दुसऱ्याच्या ताब्यात. मराठीत रेसिपी, शेती, स्पर्धा परीक्षांचे चॅनल चालवणाऱ्यांनी अशी मेल आली तर फाइल उघडण्याआधी थांबावं. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर फुकट उतरवणाऱ्यांनाही हाच धोका.

असं झाल्याची शंका आली तर नुसता पासवर्ड बदलून थांबू नका. खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन ‘सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट’ करा. त्याने जुने बिल्ले रद्द होतात. हे दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून करा.

सायबर कॅफे, सेवा केंद्र, झेरॉक्सच्या दुकानातला कॉम्प्युटर इथे टॅब बंद करणं म्हणजे लॉगआउट नव्हे. कॉलेजच्या प्रवेशाचा फॉर्म, आधार, डिजिलॉकर, ईमेल, काहीही असो: आधी इन्कॉग्निटो खिडकी उघडा, काम करा, साईटवरचं ‘लॉगआउट’ दाबा, मग ती खिडकी बंद करा. दुकानदाराने ‘पासवर्ड सेव्ह करू का’ची चौकट दाबू नये यावर लक्ष ठेवा. व्हॉट्सॲप वेब वापरलं असेल तर फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जाऊन ते काढून टाका.

शेवटचं: भारतात हक्क काय

आपल्या डिजिटल व्यक्तिगत विदा (म्हणजे डेटा) संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्यात कुकी हा शब्द नाही, पण कुकीच्या क्रमांकावरून तुमची ओळख पटत असेल तर तो तुमचा व्यक्तिगत विदा ठरतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि सूचना-संमतीच्या मुख्य तरतुदींसाठी कंपन्यांना १८ महिने दिले आहेत, म्हणजे २०२७ चा मे उजाडेल. तेव्हा संमती स्पष्ट कृतीतून द्यावी लागेल, ‘पुढे गेलात म्हणजे मान्य’ चालणार नाही. दिलेली संमती मागे घेणंही देण्याइतकंच सोपं असावं लागेल. १८ वर्षांखालच्या मुलांचा माग काढणं आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणं यावर बंदी असेल, सरकारने ठरवलेले अपवाद सोडून. आणि संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागेल. म्हणजे मराठीतही, कोकणीतही.

तोवर हात बांधून बसायचं कारण नाही. साईटच्या अगदी तळाशी ‘प्रायव्हसी पॉलिसी’ असते, तिच्या शेवटी तक्रार अधिकाऱ्याचा ईमेल शोधा. मेल मोजक्या ओळींची ठेवा: माझ्या या ईमेल आणि फोन नंबरशी जोडलेली कोणती माहिती तुमच्याकडे आहे, ती कोणाकोणाला दिली, आणि जाहिरातीसाठी ठेवलेली माहिती काढून टाकावी. तारीख घाला, पाठवलेल्या मेलची प्रत ठेवा. मराठीत लिहिलीत तरी चालेल.